वरच्या गॅलरीतला गुलाब

वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पत्र यायला तीन दिवस लागले. मधे सतरा पायऱ्या होत्या. पण उजागरेबाईंनी ते रीतसर पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि हॉस्पिटलला जाता जाता पोस्टाच्या पेटीत टाकलं. मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आलो होतो, तेव्हा पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून त्यानं आधी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि सायकलवर बसून तो निघून गेला.

त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. ही गोष्ट जानेवारी १९८४ मधली.

तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. साताऱ्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि सदर बझारातल्या एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं एकटा राहत होतो. वर मिस दीना उजागरे राहत. त्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. मूळच्या नगरच्या, अंगानं उंच, आवाज स्वच्छ. हॉस्पिटलातले डॉक्टरही त्यांना वचकून असतात असं ऐकलं होतं आणि त्यात मला काही अशक्य वाटलं नाही. सकाळी साडेसहाला त्यांचे बूट जिन्यावरून खाली उतरत आणि संध्याकाळी सहाला वर चढत. त्यावर मी घड्याळ लावत असे. सहा वर्षांत आमच्यात किती वाक्यं झाली हे मी मोजलं नव्हतं. पण मोजायला फार वेळ लागला नसता. बरीचशी पाण्याच्या टाकीबद्दल होती.

घरापुढे खोलीभर जागा होती. तिथे, माझ्या खिडकीजवळ, मी वाईच्या एका रोपवाटिकेतून आणलेली गुलाबाची वेल लावली होती. फिकट गुलाबी फुलांची. मला बागकामातलं काही कळत नव्हतं. म्हणून वाचनालयातलं गुलाबावरचं एक जाडं पुस्तक मी स्वतःच्या नावावर काढलं आणि त्याप्रमाणे सुरुवात केली. माझी पद्धत अशी की, एका प्रकरणात सांगितलेलं सगळं पुरं झाल्याशिवाय पुढचं प्रकरण वाचायचं नाही. पहिलं प्रकरण मातीचं होतं. त्यात एक पावसाळा गेला. दुसरं खड्ड्याचं, तिसरं शेणखताचं. आठव्या प्रकरणात वेलीला आधार कसा द्यावा हे होतं. त्याप्रमाणे मी भिंतीला तारा ठोकल्या आणि ओळंबा लावून वेल सरळ वर चढवली. इतकी सरळ की गवंड्यानंही मान डोलावली असती.

वेल सरळ वर गेली. माझी खिडकी ओलांडली, छज्जा ओलांडला आणि उजागरेबाईंच्या गॅलरीच्या कठड्याशी पोचल्यावर ती तिथे फुलली. खाली माझ्याकडे अंगठ्याएवढ्या जाड फांद्या आणि काटे. घरी येणारे लोक विचारत, हे काय लावलंय. मी गुलाब म्हटलं की ते विषय बदलत. माझा गुलाब बघायचा तर मला रस्ता ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभं राहावं लागे. तिथून दिसे : कठडाभर गुलाबी फुलं आणि त्यांच्यामागे वेताची एक खुर्ची. रविवारी सकाळी त्या खुर्चीत बसून उजागरेबाई चहा घेत. गिरणीवाल्याला वाटे मी दळणाला आलो आहे. मग मी दळण नेऊ लागलो.

पुस्तकातली माझी खूण आठव्या प्रकरणाच्या शेवटी होती आणि पुढची दोन वर्षं ती तिथेच राहिली.

पत्र असं होतं :

'श्री. उकिडवे यांस, सप्रेम सलाम. आपली गुलाबाची वेल माझ्या गॅलरीत फुलते आहे, त्याला हा तिसरा हिवाळा. खाली आपल्याकडे एकही फूल नाही, हे मी जाता-येता पाहते. आपण पहाटे उठून तिला पाणी घालता, तेही पाहते. माणूस इतके कष्ट करून सगळी फुले दुसऱ्याच्या दारी पाठवतो, तेव्हा त्याच्या मनात काही असावे असे मला वाटू लागले आहे. नसल्यास तसे स्पष्ट कळवावे. मला राग येणार नाही. मला बढतीवर नांदेडला जायचे का, हे शनिवारपर्यंत सरकारला कळवायचे आहे. आपले उत्तर त्याआधी मिळाले तर मला ठरवणे सोपे जाईल. कळावे. दीना उजागरे.'

मी पत्र तीनदा वाचलं आणि कपाटातल्या जाडजूड ज्ञानकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं, कारण घरात अक्का आलेली होती.

अक्का माझी थोरली बहीण. कुरुंदवाडला असे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची आणि माझं घर आवरून दिल्याशिवाय जायची नाही. ती गेल्यावर मला महिनाभर काही सापडत नसे. कोशाला मात्र ती हात लावत नसे. ते मजुराचं ओझं आहे असं तिचं म्हणणं होतं.

आता उत्तराचं सांगतो. 'मनात काही नव्हतं' असं लिहिणं शक्य नव्हतं. 'होतं' असं लिहावं, तर बाई विचारणार, कधीपासून? आणि पहिल्या वर्षी वेल वर गेली ती केवळ माझ्या अडाणीपणामुळे, हे मी शपथेवर सांगितलं असतं. एका बाईनं आयुष्याचा निर्णय माझ्या उत्तरावर ठेवावा आणि त्या उत्तरात अर्धं खोटं असावं, हे मला पटेना. मंगळवारी संध्याकाळी मी पहिला मसुदा केला. तो चार पानांचा झाला आणि त्यात मातीबद्दल दीड पान होतं. बुधवारी दुसरा केला. त्यात 'आपण' हा शब्द पहिल्याच ओळीत तीनदा आला. तिसऱ्यात मी त्यांना नांदेडच्या हवामानाची माहिती दिली. ती का दिली हे आजही सांगता येणार नाही.

अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की, तिच्या भावाचा गुलाब भलतीकडे फुलतो आहे.

"खत तू घालायचं, पाणी तू घालायचं, काटे तुझ्या धोतराला लागायचे आणि फुलं त्या मेट्रनबाईंनी बघायची," ती म्हणाली. "हेरंबा, तू लहानपणीही असाच होतास. पतंग तू करायचास आणि उडवायचा दुसऱ्यानं."

वेलीचा स्वभावच वर जायचा असतो, असं मी म्हणालो.

"स्वभाव तुझा खराब आहे. वेलीचं काय."

अक्का कुठलंही पुस्तक मागून पुढे वाचते. शेवट पटला तरच सुरुवात वाचायची, नाहीतर उगाच डोळ्यांना त्रास कशाला, असा तिचा हिशेब. गुरुवारी मी वाचनालयात असताना तिनं टेबलावरचं ते जाडं पुस्तक उचललं आणि मागून वाचत वाचत ती दुपारच्या चहापर्यंत नवव्या प्रकरणाला येऊन पोचली.

मी साडेपाचला परतलो. फाटक उघडलं आणि तिथेच थांबलो.

वेल खाली आली होती. अक्कानं सगळ्या तारांच्या गाठी सोडल्या होत्या, कपडे वाळत घालायच्या काठीनं कठड्यावरच्या फांद्या एकेक करून ओढून घेतल्या होत्या आणि सुतळीनं त्या भिंतीवर आडव्या बांधल्या होत्या. एकाखाली एक, पंगतीत माणसं बसवावीत तशा. फांद्यांची टोकं फुलांसकट माझ्या खिडकीशी आली होती. जी फुलं ओढताना गळली ती तिनं तांब्यात घालून ठेवली होती.

"एकशे बारावं पान," अक्का दारातून म्हणाली. "चढता गुलाब सरळ वर नेला तर टोकालाच फुलतो. आडवा बांधला की फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून फूल काढतो. शब्दन् शब्द केलंय मी. तू तिथवर वाचलं का नाहीस?"

मी वर बघितलं. कठडा उघडा पडला होता. मागे वेताची खुर्ची दिसत होती.

सहाला पंचवीस मिनिटं कमी होती. माझ्या आयुष्यात मी झटकन घेतलेले निर्णय दोन-तीनच असतील. त्यातला हा एक. अक्का चहा टाकायला आत गेल्याबरोबर मी स्टूल आणलं, वरच्या दोन फांद्यांची सुतळी सोडली, त्या खांद्यावर घेतल्या आणि पुन्हा वर पोचवायला निघालो. पुस्तकात या कामासाठी चामड्याचे हातमोजे सांगितले आहेत. पहिली फांदी सदऱ्यात घुसली. ती सोडवायला हात मागे नेला, तर दुसरी कोपराच्या वर अडकली. मान वळवली आणि तिसरी, जी मी सोडलीच नव्हती, तिनं केस धरले. त्याच वेळी स्टूल पायाखालून गेलं. मी पडलो नाही. पडलो असतो तर बरं झालं असतं. वेलीनं मला धरून ठेवलं. पायांचे चवडे तेवढे जमिनीला टेकत होते.

स्टुलाच्या आवाजानं अक्का बाहेर आली. तिनं मला बघितलं, कपाळाला हात लावला आणि हलू नकोस म्हणाली. मी हलणार कसा होतो हे तिनं सांगितलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. बूट आले आणि थांबले.

उजागरेबाईंनी आधी वेलीकडे बघितलं. मग वर, स्वतःच्या कठड्याकडे. मग माझ्याकडे. माझ्या उजव्या हातात सुतळीचा तुकडा होता.

त्यांनी पर्स पायरीवर ठेवली, त्यातून छोटी कात्री आणि चिमटा काढला आणि हॉस्पिटलात करत असतील तसंच काम सुरू केलं : आधी मान, मग केस, मग दंड. मला मोकळं करून त्यांनी पायरीवर बसवलं, चष्मा चढवला आणि काटे काढायला घेतले. अक्का दारात उभी होती. टिंक्चर आयोडिन घरात आहे का, असं बाईंनी तिला विचारलं. अक्का म्हणाली, हळद आहे. बाईंनी आपली बाटली काढली.

सहा वर्षांत त्या माझ्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या. त्यांच्या हाताला साबणाचा वास येत होता.

"वेल खाली घेतलीत," त्या हळूच म्हणाल्या.

मी घेतली नाही, असं म्हणायला हवं होतं. पण मग अक्काचं नाव सांगावं लागलं असतं. अक्कानं, मग काय बिघडलं, असं विचारलं असतं. आणि काय बिघडलं हे सांगायचं म्हणजे कोशाचा दुसरा खंड पायरीवर आणावा लागला असता. बाईंनी लेखी विचारलं होतं. उत्तर लेखीच द्यायला हवं, आणि शनिवारला अजून दीड दिवस होता. हे सगळं मी एका क्षणात मनाशी ठरवलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"पुस्तकात तसं लिहिलंय," मी म्हणालो.

"कुठे?"

"नवव्या प्रकरणात."

"आणि तुम्ही पुस्तकाप्रमाणे वागता."

"शक्यतो," मी म्हणालो.

यानंतरचे काटे जरा जोरात निघाले असं मला वाटलं. कदाचित ते खोलवर गेलेले असतील. एकूण चौदा निघाले. त्यांनी ते एका कागदावर ठेवून कागदाची पुडी केली आणि ती माझ्या हातात दिली.

"धनुर्वाताचं इंजेक्शन उद्याच घ्या," त्या उठताना म्हणाल्या. "अशा गोष्टी लांबणीवर टाकू नयेत."

त्या पत्राबद्दल बोलत आहेत हे मी बरोबर ओळखलं, असं मला वाटलं. शुक्रवारी सकाळी जाऊन मी इंजेक्शन घेतलं आणि त्या जोरावर दुपारी उत्तर पूर्ण केलं. अर्ध्या पानाचं. त्यात माती नव्हती, नांदेडचं हवामान नव्हतं. ते पोस्टात टाकलं तर शनिवार उलटून जाणार होता. म्हणून ते हातानंच द्यायचं ठरवून मी शनिवारी सकाळी सव्वासहाला सदऱ्याच्या खिशात पाकीट घालून जिना चढायला लागलो. सातव्या पायरीवर मला दम घ्यावासा वाटला. दम लागलेला नव्हता.

वरून बूट खाली आले.

"बरं झालं भेटलात," उजागरेबाई म्हणाल्या. "मी नांदेडला होकार देऊन टाकला. काल दुपारीच तार केली."

माझा हात खिशावर होता. मी तो खाली घेतला.

"अभिनंदन," मी म्हणालो.

त्या क्षणभर थांबल्या. मग आभारी आहे म्हणाल्या आणि माझ्या बाजूनं, अंग चोरून, खाली उतरल्या. मी सातव्या पायरीवर तसाच उभा राहिलो. बऱ्याच वेळानं अक्कानं खालून विचारलं, वर जातोयस की खाली येतोयस.

एक फेब्रुवारीला त्यांचं सामान टेम्पोत चढलं. वेताची खुर्ची सगळ्यात शेवटी गेली.

त्या वर्षी वेल अशी फुलली की रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत. गुडघ्यापासून खिडकीपर्यंत, प्रत्येक डोळ्यातून. नववं प्रकरण बरोबर होतं. अक्का कुरुंदवाडहून कार्ड टाकून विचारायची, आज किती आली. मी आकडा कळवत असे. गिरणीवर मात्र मी पुढे गेलो नाही. पीठ विकत आणू लागलो.

मला वाटत राहिलं की, माझ्या उशिरापायी बाई रागावून गेल्या. दोन ओळींना ज्याला चार दिवस लागतात, त्याच्याबरोबर राहण्यापेक्षा नांदेड बरं, असं कुठल्याही शहाण्या बाईला वाटलं असतं. मला त्यांचा राग कधी आला नाही. पटलंच होतं ते.

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा आधीच कामातून गेलेला, त्यामुळे दिवसभर पट्टी बांधून आवाजांच्या जगात पडून राहायचं होतं. थोरात नावाच्या एक सिस्टर औषध घालायला येत. आवाज मोकळा, स्वभाव बोलका. माझा कागद वाचताना त्या थबकल्या.

"सदर बझार? खालचा मजला? काका, तुमच्याकडे गुलाबाची वेल आहे का हो?"

आहे, मी म्हणालो. जुनी आहे.

त्या हसायलाच लागल्या. त्यांचं शिक्षण नांदेडला झालं होतं, उजागरे मेट्रनच्या हाताखाली. बाई पहिल्याच तासाला नव्या मुलींना एक गोष्ट सांगत म्हणे.

"त्या म्हणायच्या, पेशंट तोंडानं काय सांगतो ते नंतर ऐका, हात काय करतात ते आधी बघा. मी साताऱ्यात एका माणसाला सरळ पत्र लिहून विचारलं होतं. तोंडानं तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण दोन दिवसांत माझ्या गॅलरीतून स्वतःची वेल उतरवून घेतली. घाई इतकी की स्वतःच तिच्यात अडकला. मी त्याचे काटे काढले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला तार केली." सिस्टर पुन्हा हसल्या. "आणि वर म्हणाला काय, तर पुस्तकात तसं लिहिलंय. आम्ही हसून हसून लोळायचो. काका, ते तुम्हीच का?"

"नाही," मी म्हणालो. "ते माझ्या आधीचे भाडेकरू."

"वाटलंच. तुम्ही तसे वाटत नाही."

पट्टीआड मी पडून होतो. बाई माझ्या उशिराला रागावून गेल्या नव्हत्या. त्यांना उत्तर मिळालं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या माझ्या नावावर अक्काचं उत्तर सांगत होत्या. माझ्या हातातली सुतळी त्यांनी बघितली होती. ती मी बांधत होतो की सोडत होतो, हे त्यांना कसं कळावं?

बाई आता कुठे असतात, असं मी विचारलं. नगरला, भाचीच्या घराशेजारी, एकट्याच. ऐकायला कमी येतं, पण जीभ तशीच आहे. सिस्टर दर नाताळाला कार्ड पाठवत.

"पत्ता मिळेल का?" मी म्हणालो. "त्या भाडेकरूंना हवा असेल."

"ते आहेत अजून?"

"आहेत," मी म्हणालो. "थोडे दिवस."

पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन मी लिहायला बसलो. मसुदा केला नाही. अकरा मिनिटं लागली.

'मिस दीना उजागरे यांस, सप्रेम नमस्कार. आपले दि. १४ जानेवारी १९८४चे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला. वेल मी उतरवली नव्हती; माझ्या बहिणीने उतरवली होती. ती आता हयात नाही, म्हणून सांगण्यास हरकत नाही. आपण मला सोडवलेत तेव्हा मी ती पुन्हा वर चढवत होतो. आपल्या प्रश्नाबद्दल : पहिल्या हिवाळ्यात फुले आपल्याकडे आली ती माझ्या अज्ञानामुळे. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी नववे प्रकरण वाचले. वेल आडवी बांधली की फुले खाली येतात, हे मला त्या दिवसापासून ठाऊक होते. पुढची दोन वर्षे मी ती बांधली नाही. पुस्तकात असूनही जे मी केले नाही, असे एवढे एकच. कळावे. हेरंब उकिडवे. ता. क. इंजेक्शन दुसऱ्याच दिवशी घेतले होते.'

पाकीट पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, चूक झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं पंचाहत्तरीच्या बाईला हे लिहायचं? आणि 'अज्ञानामुळे' हा शब्द फार कोरडा नाही का? पेटीवर वेळ लिहिली होती, दुपारी चार. तेव्हा दोन वाजले होते. पोस्टमन आला की त्याला विनंती करून पाकीट परत घ्यायचं ठरवून मी पेटीशेजारच्या कट्ट्यावर बसलो. एका रसवाल्यानं मला दोनदा रस विचारला. दुसऱ्यांदा मी घेतला.

चारला पोस्टमन आला. तरुण होता, मोटरसायकलवर. त्यानं पेटी उघडली. आत सहा-सातच पत्रं होती. माझं सगळ्यात वर होतं, मला ते नव्या डोळ्यानं स्पष्ट दिसलं.

"काही हवंय का, आजोबा?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "सगळी घेतलीत ना, एवढंच बघत होतो."

त्यानं पेटीत हात घालून चारी कोपरे चाचपून मला दाखवले, पिशवीचं तोंड बांधलं आणि तो नगरची डाक जाते त्या दिशेला निघून गेला.